ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जिवंत भित्तींची पाहणी कशी करावी

समुद्रातले काही जीव स्वतःपुरतं घर बांधतात आणि बांधता बांधता इतर असंख्य जिवांना जागा करून देतात. प्रवाळ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. पण भरती-ओहोटीच्या पट्ट्यातही हे काम अखंड चालू असतं. कालवं एकमेकांच्या शिंपल्यांवर बसत बसत भित्ती उभारतात. शिणाणे (इंग्रजीत मसल्स) हे दोन शिंपांचे जीव चिवट धाग्यांनी खडकाला आणि एकमेकांना बांधून घेतात. सॅबेलेरिया नावाचे तीन-चार सेंटिमीटर लांबीचे कृमी वाळूचा एकेक कण चिकटवून नळ्या करतात, आणि हजारो नळ्या शेजारी शेजारी आल्या की मधाच्या पोळ्यासारखा ढीग तयार होतो. फ्रान्समधल्या माँ-सँ-मिशेलच्या उपसागरात या एवढ्याशा कृमींनी बांधलेली भित्ती युरोपातली सगळ्यात मोठी मानली जाते.

क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचाक यांनी 1994 मध्ये अशा जिवांना ‘परिसंस्थेचे अभियंते’ म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी, 1877 मध्ये, कार्ल मोबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं कालवांच्या थरांचा अभ्यास करताना ‘बायोसिनोसिस’ ही कल्पना मांडली होती: एका जागी एकमेकांच्या आधारानं राहणारा सगळा समुदाय मिळून अभ्यासाचा विषय होतो, सुटं कालव नव्हे. किनाऱ्यावर काम करताना हे वाक्य मला अजूनही दिशा दाखवतं.

हा लेख विद्यार्थी, स्वयंसेवक आणि किनाऱ्याची मनापासून काळजी असणाऱ्या कुणाहीसाठी आहे. ओहोटीला पाण्याबाहेर येणाऱ्या भित्तींपुरतंच इथे बोलू, म्हणजे पाणबुडीचं प्रशिक्षण किंवा महागडी साधनं लागणार नाहीत. पुढची प्रत्येक पायरी एका कसोटीवर घासून घेतली आहे: तुमची पाहणी दुसऱ्या माणसाला, तुम्हाला एक शब्दही न विचारता, तीस वर्षांनी जशीच्या तशी पुन्हा करता आली पाहिजे. ते जमत नसेल तर कितीही मेहनतीनं गोळा केलेले आकडे पुढे कुणाच्या कामी येत नाहीत.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करा

‘इथे काय काय आहे?’ ही उत्सुकता झाली. त्यावरून किती जागा मोजायची, काय मोजायचं, कधी परत यायचं यातलं काहीच ठरत नाही. भित्तीबद्दलचे प्रश्न साधारण तीन प्रकारचे असतात. ती कुठून कुठपर्यंत पसरली आहे? तिची अवस्था कशी आहे, म्हणजे वाढते आहे, टिकून आहे की ढासळते आहे? आणि एखाद्या कारणानं तिच्यात बदल होतो आहे का? तिन्हींसाठी कामाची मांडणी वेगळी लागते. विस्तारासाठी पायी फिरून सीमा आखली तरी पुरते. अवस्थेसाठी चौकटीत, म्हणजे भित्तीवर ठेवून आतलं सगळं मोजायच्या ठरावीक मापाच्या चौकोनात, डोकं घालून बसावं लागतं.

बदलाचा प्रश्न सगळ्यात अवघड. समजा, एका ठिकाणी बंधारा होणार आहे आणि त्याचा भित्तीवर परिणाम होईल का हे पाहायचं आहे. बंधारा होण्याआधी आणि झाल्यावर, अशी दोनदा मोजणी केली तरी ती अपुरी आहे, कारण मधल्या काळात समुद्रच बदललेला असू शकतो. म्हणून बंधाऱ्यापासून दूर, पण बाकी सगळ्या बाबतीत सारख्या असलेल्या जागाही त्याच वेळी मोजाव्या लागतात. अशी जागा एकच घेऊ नका, निदान दोन-तीन घ्या. एकाच भित्तीवर तीस चौकटी मोजल्या म्हणून तीस स्वतंत्र पुरावे मिळत नाहीत. ती एकाच भित्तीची तीस मापं असतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीकडे फार ठळकपणे लक्ष वेधलं, आणि तरीही ती आजतागायत सर्रास होते.

प्रश्न एका वाक्यात लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. किनाऱ्यावर पोचल्यावर इतकं काही दिसतं की माणूस त्यातच हरवतो.

दुसरी पायरी: जुन्या नोंदी शोधा आणि परवानग्या घ्या

तुमच्या आधी तिथे कुणीतरी गेलेलं असण्याची शक्यता बरीच असते. जुने नकाशे, प्रबंध, संग्रहालयातले नमुने, उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं, सगळं चाळा. किनाऱ्यावर वर्षानुवर्षं मासेमारी करणाऱ्यांशी बोला. भित्ती कुठे होती आणि कधी गेली हे त्यांना ठाऊक असतं.

जुन्या नोंदीचं मोल किती, याचं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. ब्रिटनमध्ये डेनिस क्रिस्प आणि ॲलन साउथवर्ड यांनी 1950 च्या दशकात खडकाळ किनाऱ्यांवर ठरावीक जातींची विपुलता साध्या श्रेणींत नोंदवली: ‘भरपूर’पासून ‘दुर्मीळ’पर्यंत, आणि ‘आढळली नाही’. पुढे 1962-63 चा कडाक्याचा हिवाळा आला आणि किनाऱ्यावरचे कितीतरी जीव गारठून मेले. सॅबेलेरियाच्या भित्तींनाही त्याचा जबर फटका बसला. हानी किती झाली हे सांगता आलं, कारण आधीची स्थिती कागदावर होती. मग 2001 पासून संशोधकांनी त्याच जागा पुन्हा पाहायला सुरुवात केली, आणि तापमानवाढीमुळे कोणत्या जाती उत्तरेकडे सरकल्या ते समोर आलं. एवढं सगळं हाती आलं ते श्रेणी साध्या होत्या, जागा नेमक्या लिहिल्या होत्या आणि ‘आढळली नाही’ हेही लिहिलं होतं म्हणून.

परवानगीचा विषय थोडक्यात: नुसतं पाहायला आणि छायाचित्रं काढायला अनेक ठिकाणी अडचण नसते, पण संरक्षित क्षेत्रात जाण्यासाठी, कुठलाही जीव उचलण्यासाठी किंवा खडकात खूण ठोकण्यासाठी लेखी परवानगी लागू शकते. ती आधी मिळवा आणि तिची प्रत सोबत ठेवा.

तिसरी पायरी: ओहोटीचं गणित

इथे घाई करू नका. या पट्ट्यातले बहुतेक अपघात पाण्याच्या वेळा नीट न समजल्यामुळे होतात.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचं अंतर असतं, म्हणून ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची भरती-ओहोटी येते आणि पाणी सगळ्यात खाली उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी असतं, तेव्हा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासची उधाणं सर्वांत मोठी असतात. खालच्या पट्ट्यातली भित्ती पाहायची असेल तर वर्षाचं वेळापत्रक या तारखांभोवतीच बसवावं लागतं.

तक्त्यातला पाण्याच्या उंचीचा आकडा हा अंदाज असतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलनं उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर वर येतं, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोरदार वारा त्यात भर घालतो. म्हणून हवामानाचा अंदाज आणि भरतीचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून वाचा.

पाणी एकसारख्या वेगानं चढत नाही. ओहोटी संपल्यानंतरच्या पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्या तासात दोन बारांश, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन बारांश. फरक चार मीटरचा असेल तर पहिल्या तासात तेहेतीस सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसते आणि माणूस निश्चिंत होतो. तिसऱ्या तासात तेच पाणी एक मीटर चढतं. सपाट किनाऱ्यावर तर ते मागच्या चरांमधून शिरून तुमच्या आणि जमिनीच्या मध्ये येतं. शिस्त अशी ठेवा: सगळ्यात कमी पाण्याच्या दोन तास आधी पोचायचं, उतरत्या पाण्याबरोबर खाली सरकत काम करायचं, आणि पाणी फिरलं की वर निघायचं. चौकट अर्धी राहिली असेल तर अर्धीच राहू द्या.

एकट्यानं कधीच जाऊ नका. किनाऱ्यावर राहिलेल्या एका माणसाला परतण्याची वेळ सांगून ठेवा. जाड तळाचे, बांधता येणारे बूट घाला, कारण कालवाची कड पातीसारखी कापते आणि खडकावरचं हिरवं शेवाळ बर्फापेक्षा निसरडं असतं. हातमोजे घाला. शंकूच्या आकाराचा सुंदर शंख जिवंत दिसला तर हात लावू नका. कोन जातीच्या काही शंखांचा दंश जीवघेणा असतो. समुद्राकडे पाठ करून काम करायची वेळ आली तर जोडीदारानं लाटांवर नजर ठेवावी.

चौथी पायरी: आधी नुसतं फिरा

पहिल्या भेटीत चौकट बाहेर काढू नका. पूर्ण भित्तीभोवती चाला, तिची सीमा जीपीएसवर आखा, चारही बाजूंनी छायाचित्रं घ्या. फोनच्या जीपीएसमध्ये काही मीटरची चूक सहज असते, म्हणून एकमेकांच्या रेषेत येणाऱ्या दोन ठळक स्थिर खुणाही टिपून ठेवा, उदाहरणार्थ मोठा खडक आणि त्याच्या मागचा सुळका. तीस वर्षांनी फोन बदललेला असेल, सुळका बहुधा तिथेच असेल.

इथे एक प्रश्न हमखास येतो: विखुरलेल्या नळ्या किंवा दहा-वीस कालवं दिसली तर त्याला भित्ती म्हणायचं का? समुद्रतळावर वाढणाऱ्या सॅबेलेरिया स्पिन्युलोसा या जातीसाठी ब्रिटनमध्ये एक व्यवहार्य निकष वापरतात. तळापासून उंची, क्षेत्रफळ आणि त्या क्षेत्रातली व्याप्ती अशा तीन गोष्टी पाहतात. उंची दोन सेंटिमीटरपेक्षा कमी, क्षेत्र 25 चौरस मीटरपेक्षा कमी किंवा व्याप्ती दहा टक्क्यांच्या आत असेल तर ती भित्ती धरत नाहीत; उंची दहा सेंटिमीटरच्या वर आणि व्याप्ती तीस टक्क्यांच्या वर गेली की भित्तीपण ठळक मानतात. तुमची जात वेगळी असेल तर हेच आकडे लागू होतील असं नाही. पण आपला निकष आधी लिहून ठेवण्याची पद्धत जरूर उचला. माझ्या मते निकषाच्या खाली राहिलेले तुकडेही नकाशावर यायला हवेत, कारण नवी भित्ती तिथूनच सुरू होते आणि जुनी संपताना तशीच दिसते.

पाचवी पायरी: चौकटी कुठे टाकायच्या

जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांच्या दोन जातींवर केलेला प्रयोग 1961 मध्ये प्रसिद्ध झाला. खडकावरच्या पट्ट्याची वरची मर्यादा प्रामुख्यानं कोरडेपणा ठरवतो आणि खालची मर्यादा बहुतेक वेळा शेजाऱ्याशी चाललेली स्पर्धा ठरवते, हे त्यातून पुढे आलं. आपल्या कामापुरता याचा अर्थ असा की उंची बदलली की खेळच बदलतो. वरच्या आणि खालच्या पट्ट्यातल्या चौकटींची एकत्र सरासरी काढली तर ती कुठल्याच पट्ट्याचं खरं चित्र देत नाही.

म्हणून भित्तीचे उंचीनुसार दोन किंवा तीन पट्टे करा. प्रत्येक पट्ट्यात किनाऱ्याला समांतर तीस मीटरची फीत अंथरा. फितीवर चौकटी कुठे ठेवायच्या ते घरूनच यादृच्छिक आकडे काढून न्या. जागेवर गेल्यावर ‘इथे छान दिसतंय’ म्हणून चौकट ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्यानं भित्ती कागदावर आहे त्यापेक्षा धडधाकट दिसू लागते. आकडा डबक्यावर आला तर डबकं नोंदवा. आकडा उघड्या खडकावर आला तर उघडा खडक नोंदवा. तीही माहितीच आहे.

चौकटी किती? आधी एका पट्ट्यात दहा करा. प्रत्येक चौकटीनंतर तोवरची सरासरी काढत जा. पहिल्या तीन-चार चौकटींत सरासरी उड्या मारते, मग हळूहळू स्थिर होते. दहाव्यालाही ती डोलत असेल तर भित्ती तुटक आहे आणि जास्त चौकटी लागतील. हे गणित कुठल्याही ठरीव आकड्यापेक्षा भरवशाचं आहे.

सहावी पायरी: चौकट वाचणं

या कामाचं मर्म इथे आहे. पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट घ्या आणि तिला दर दहा सेंटिमीटरवर दोरी बांधा. पंचवीस घरं होतात, प्रत्येक घर चार टक्क्यांचं. चौकट ठेवली की सर्वांत आधी छायाचित्र: बरोबर वरून, छत्रीची सावली धरून, म्हणजे ओल्या खडकावरची चमक येणार नाही. चित्रात जागा, पट्टा, चौकटीचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली पाटी दिसली पाहिजे. मग घरागणिक व्याप्ती मोजा. थर एकावर एक असतात, वर शेवाळ आणि खाली कालव, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाऊ शकते. तिला ओढूनताणून शंभरावर आणू नका. वरचा थर आणि खालचा थर असे दोन रकाने ठेवा.

व्याप्ती हा अर्धाच भाग झाला. सत्तर टक्के भित्ती म्हणजे सत्तर टक्के जिवंत भित्ती नव्हे, आणि नुसती ‘आहे’ अशी नोंद करून परतणाऱ्या पाहण्या इथेच फसतात.

सॅबेलेरियाचा कृमी ओहोटीला नळीत खोल जाऊन बसतो, त्यामुळे तो स्वतः दिसत नाही. नळीचं तोंड पाहावं लागतं. जिवंत नळीची कड धारदार आणि ताजी असते, तिला पुढे आलेली छोटी पडवी असते आणि वाळूचे कण नुकतेच लावल्यासारखे स्वच्छ दिसतात. भिंग धरलं तर कधी आत सोनेरी केसांच्या कड्यांचं झाकण चमकतं. कृमी मेला की कड गोल झिजते, तोंडात गाळ बसतो, मग हिरवं शेवाळ धरतं. मी ‘ताजी तोंडं’, ‘झिजलेली तोंडं’ आणि ‘गाळ किंवा शेवाळानं भरलेली’ असे तीन रकाने ठेवते. शंका आली तर पाणी येईपर्यंत सुरक्षित जागी थांबा: पहिली लाट नळ्यांवरून गेली की जिवंत कृमी तोंडाशी येतात.

मेलेल्या नळ्यांचीही नोंद का, असं स्वयंसेवक विचारतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ इथल्या डग्लस विल्सन यांनी 1960 च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसलं की या कृमीच्या अळ्या पाण्यात कित्येक आठवडे तरंगून आल्यावर आपल्याच जातीच्या नळ्यांना, त्यातल्या चिकट सिमेंटला, स्पर्श झाला की तिथे बसायला उद्युक्त होतात. म्हणजे रिकामी झालेली भित्तीसुद्धा पुढच्या पिढीला बोलावत असते. ती पायाखाली चुरडली तर आज कुणी मरत नाही, पण परतीची वाट बंद होते. म्हणून चालताना वाळूवरून, उघड्या खडकावरून जा. भित्तीवर पाय ठेवायचा नाही, रिकाम्या भित्तीवरसुद्धा.

कालवांचंही असंच. त्यांच्या अळ्या जुन्या शिंपल्यांवर बसतात, म्हणून मेलेले शिंपले हा भित्तीचा पायाच असतो. जिवंत कालव हवेत घट्ट मिटलेलं असतं. जरासं उघडं असेल तर हलकं टिचकी मारल्यावर मिटतं. मेलेल्यात दोन प्रकार करा. दोन्ही शिंपा अजून बिजागरीनं जोडलेल्या आणि आतून चकचकीत असतील तर मृत्यू अलीकडचा आहे. आत बार्नेकल किंवा इतर जीव बसले असतील तर जुना. अलीकडच्या मृतांचं प्रमाण एकदम वाढलेलं दिसलं तर थांबा आणि आसपास नीट पाहा: रोग, उष्णतेची लाट, नदीचं गोडं पाणी, गाळ, काहीतरी नुकतंच घडलेलं असतं.

प्रत्येक पट्ट्यात निदान पन्नास कालवांची लांबी, शिंपेच्या टोकापासून समोरच्या कडेपर्यंत, व्हर्नियर कॅलिपरनं मोजा आणि मिळतील तशी घ्या. मोठीच डोळ्यांत भरतात, म्हणून सलग एका बाजूनं सुरुवात करा. मापांचा आलेख काढला की भित्तीचं वय वाचता येतं. सगळी मोठीच असतील आणि नखाएवढी पिल्लं नसतील तर भित्ती वरून धष्टपुष्ट दिसली तरी तिच्यात नव्या पिल्लांची भर पडत नाही. असा आलेख पाहिला की मला मोठ्या व्याप्तीचा काही दिलासा वाटत नाही.

पहिल्या दिवशी आणि नंतर अधूनमधून दोघांनी एकच चौकट एकमेकांचं न पाहता मोजा. आकड्यांत फरक येणारच. तो किती येतो ते लिहून ठेवा, कारण पुढे दोन वर्षांतला फरक त्यापेक्षा लहान निघाला तर तो समुद्रामुळे पडला की माणसामुळे हे ठरवता येणार नाही.

सातवी पायरी: उंची आणि खडबडीतपणा

भित्तीत कोण राहू शकेल हे तिच्या कपारींवर ठरतं. मोजायला एक साखळी पुरते. बारीक कड्यांची पाच मीटर साखळी भित्तीच्या प्रत्येक चढउताराला चिकटून सोडा, मग दोन टोकांमधलं सरळ अंतर फितीनं मोजा. अंतर 3.2 मीटर भरलं तर 5 भागिले 3.2, म्हणजे सुमारे 1.56. सपाट खडकावर हा आकडा 1 येतो. वर्षागणिक तो घसरत असेल तर भित्ती सपाट होते आहे, व्याप्ती तेवढीच असली तरी. साखळी ओढत न्यायची नाही, उचलून ठेवायची.

कॅमेरा चांगला असेल तर एकमेकांवर साठ ते ऐंशी टक्के येणारी छायाचित्रं घेऊन संगणकावर त्रिमिती प्रतिकृती करता येते. चित्रात मापाची पट्टी ठेवायला विसरू नका. तरीही मी साखळी सोडत नाही, कारण साखळीचं माप कुठेही, कुणालाही, कुठल्याही काळात घेता येतं.

आठवी पायरी: तापमान

हवेचं तापमान पाहून शिणाण्याला किती ऊन लागलं ते कळत नाही. उन्हातल्या खडकावर त्याचं शरीर हवेपेक्षा दहा अंश किंवा त्याहून जास्त तापू शकतं. ब्रायन हेल्मथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणूनच शिणाण्याच्याच आकाराचे आणि तसेच तापणारे तापमान-नोंदक बनवून खऱ्या शिणाण्यांच्या मध्ये बसवले. 2021 च्या जूनअखेर उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची लाट आली ती दुपारच्या मोठ्या ओहोट्यांच्याच दिवसांत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे क्रिस हार्ली यांच्या अंदाजानं भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले एक अब्जाहून अधिक जीव त्यात मेले.

तुमच्याकडे बटणाएवढा स्वस्त नोंदक असेल तर तो प्रत्येक पट्ट्यात एक, रिकाम्या शिंपेत बसवून ठेवा. नसेल तर दर चौकटीजवळ पृष्ठभागाचं तापमान आणि वेळ लिहा. पाण्याची क्षारता मोजायला साधा रिफ्रॅक्टोमीटर चालतो. मोठ्या पावसानंतर ती हमखास मोजा.

नववी पायरी: भित्तीत राहणारे

रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर खडकाच्या एका भागातून तारामासे काढून टाकले. 1966 मध्ये त्यांनी लिहिलं की शिकारी गेल्यावर शिणाण्यांनी जागा व्यापत नेली आणि तिथल्या जाती पंधरावरून आठवर आल्या. यावरून शिणाणे वाढले की विविधता घटते असा घाईचा निष्कर्ष काढला जातो. ती मोजणी मुख्यतः खडकावर नजरेला दिसणाऱ्या मोठ्या जिवांची होती. शिणाण्यांच्या गालिच्यात, धाग्यांच्या जाळीत, इवल्या कृमी-खेकड्या-गोगलगायींचं वेगळंच जग असतं. म्हणून तुम्हीही दोन पातळ्या वेगळ्या ठेवा: वरून दिसणारे, आणि कपारीत राहणारे.

कपारीतले पाहण्यासाठी भित्ती फोडायची नाही. विजेरी आणि लहान आरसा घेऊन आत डोकवा, पाच मिनिटं घड्याळ लावून दिसेल ते लिहा, प्रत्येक चौकटीला वेळ सारखा. दगड उलटलात तर होता तसाच, त्याच बाजूनं परत ठेवा. नमुना घेणं खरोखरच गरजेचं असेल तर परवानगीनं, एकच छोटा, आणि तो अधिकृत संग्रहात जाईल अशी व्यवस्था आधी करून.

नाव खात्रीचं नसेल तर जातीपर्यंत जाऊ नका. ‘सॅबेलेरिया, जात अनिश्चित’ ही प्रामाणिक नोंद चुकीच्या नेमक्या नावापेक्षा कितीतरी उपयोगी. वैज्ञानिक नावंही बदलतात. पॅसिफिक कालवाचं क्रॅसोस्ट्रिया जायगास हे नाव बदलून आता मॅगालाना जायगास असं लिहितात, आणि जुने-नवे अहवाल जुळवताना ती दोन वेगळी कालवं वाटतात. सध्या मान्य असलेलं नाव सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे ‘वर्म्स’वर, तपासून घ्या.

दहावी पायरी: नोंद जपणं आणि परत जाणं

त्याच संध्याकाळी बसा. ओल्या कागदांची छायाचित्रं काढा, मग आकडे भरा. शून्य आणि रिकामं घर यांची गल्लत होऊ देऊ नका: शून्य म्हणजे शोधलं आणि सापडलं नाही, रिकामं म्हणजे शोधलंच नाही. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं, जागा दशांश अंशांत, निरीक्षकाची आद्याक्षरं आणि ओहोटीची तक्त्यातली उंची प्रत्येक ओळीत. कच्चं कोष्टक कधीच बदलायचं नाही. दुरुस्ती नव्या प्रतीत करायची आणि का केली ते शेजारी लिहायचं. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि जमेल तेव्हा नोंदी ‘ओबिस’ किंवा ‘जीबिफ’ या जीवजातींच्या नोंदी साठवणाऱ्या खुल्या भांडारांत द्या. चोरीचा किंवा अतिवापराचा धोका असलेल्या जातीची जागा मात्र ढोबळच दाखवा.

आकड्यांचा अर्थ लावताना भित्तीच्या ‘सेवां’बद्दलचे ठोक दावे जपून वापरा. एक कालव दिवसाला जवळपास 190 लिटर पाणी गाळतं, हा आकडा सर्वत्र फिरतो. तो अनुकूल परिस्थितीतल्या कमाल क्षमतेचा आहे. प्रत्यक्षातला वेग आकार, तापमान आणि गाळानुसार बराच कमी असतो. मायकल बेक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जगातल्या कालवांच्या सुमारे 85 टक्के भित्ती नष्ट झाल्याचा अंदाज मांडला होता. उरलेल्यांची बाजू मांडायला फुगवलेल्या आकड्याची गरज नाही. नीट मोजलेला लहान आकडा जास्त काळ टिकतो.

परतीची भेट वर्षाच्या त्याच हंगामात आणि तेवढ्याच उंचीच्या ओहोटीला ठेवा. पहिल्या वर्षी शक्य असेल तर हंगामागणिक जा, म्हणजे नेहमीचे चढउतार किती असतात ते कळेल. जाताना मागच्या वर्षीची छायाचित्रं छापून न्या आणि तीच चौकट, तोच कोन पकडा. मागचे आकडे मात्र पिशवीतच राहू द्या. नवी मोजणी पूर्ण झाल्यावर काढा. आणि वहीच्या शेवटच्या पानावर पद्धत इतक्या साध्या शब्दांत लिहा की तुमच्या चमूतला सगळ्यात नवा माणूस ती वाचून, तुम्हाला फोन न करता, पहिली चौकट ठेवू शकेल. तो अडखळला तर ज्या वाक्याशी अडखळला तेवढं वाक्य पुन्हा लिहा.